बोटीवर चढण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषण)

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांतील माणसाचा संसार घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ रेल्वेचे असते. सकाळची जलद गाडी चुकली, तर तो क्षणभर हळहळतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि थोड्याच वेळात येणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे दृष्टी लावून उभा राहतो. डबा घरी राहिला, तर उपाहारगृह आहे. छत्री राहिली, तर स्टेशनाबाहेर दुकान आहे. औषध राहिले, तर नाक्यानाक्यावर औषधांचे दुकान आहे. चुकण्याची शिक्षा येथे फार हलकी असते. अशा सोयींत वाढलेला गृहस्थ सहकुटुंब समुद्रसफरीस निघतो, तेव्हा ही निर्धास्त सवयही नकळत बरोबर घेऊन निघतो. आणि बोटीवर नेमकी हीच सवय घातक ठरते. बोटीने धक्का सोडला की दुकान, दवाखाना आणि मागची गाडी ही तिन्ही किनाऱ्यावरच राहतात. म्हणून समुद्रसफरीची निम्मी सुखदुःखे घरच्या ओसरीवरच ठरून जातात, असे म्हणावयास हरकत नाही.

या गावांना समुद्र परका आहे, असे मात्र नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी काबीज केल्यानंतर मराठी आरमाराची पायाभरणी झाली, ती याच खाडीच्या आश्रयाने. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली, आणि हळूहळू लोकांनी खाडीकडे पाठ फिरवून रुळांकडे तोंड केले. तरीही कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून जगाला ठाऊक झालेली अठरा वर्षांची तरुणी, १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीने निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. पती बरोबर नव्हते. आहार आणि पेहराव स्वदेशीच ठेवावयाचा, हा निश्चय होता. एवढ्या लांबच्या वाटेवर विसरलेली वस्तू मागवून घेण्याची सोय तिला नव्हती. आजच्या चार-पाच दिवसांच्या सफरीतही भर समुद्रात ती सोय नाहीच.

वळकटी पसरून डेकवर झोपणारा आणि बंदरोबंदरी पडावातून उतरणारा कोकणबोटीचा उतारू आता आठवणीपुरता उरला आहे. त्या बोटी बंद पडल्यावर बऱ्याच काळाने, २०१८ च्या ऑक्टोबरात, 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. आणि २०२१ च्या सप्टेंबरापासून तिच्याहून कितीतरी मोठ्या जहाजावरील सफरी मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीप यांच्या दिशेने निघू लागल्या. या सफरीत जहाज हे नुसते वाहन नसून मुक्कामाचे घर असते. मात्र त्या घरात राहावयास जाण्यापूर्वी कोणत्या गोष्टींचा विचार करावा, हे पुष्कळांना तिकीट काढून झाल्यावरच सुचते.

चर्चेच्या सोयीसाठी डोंबिवलीतील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पंचाहत्तरीचे आजोबा, त्यांना मधुमेह. सत्तरी ओलांडलेल्या आजी. मुलगा व सून, दोघेही नोकरी करणारी. आणि दहा वर्षांची नात. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने मुलाने लक्षद्वीपची सफर ठरविली. सर्वांना आनंद झाला. आजी मात्र गप्प राहिल्या. त्यांचे माहेर अलिबागच्या बाजूचे. त्यांच्या वडिलांचा धाकटा भाऊ 'रामदास' बोटीवर होता. तो परत आला नाही. आजी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या; पण आषाढातली अवस आली की माहेरचे घर दिवसभर कसे शांत होत असे, ते त्यांनी लहानपणी पाहिले होते.

"आई, तो काळ वेगळा होता. त्या बोटी वेगळ्या होत्या," मुलगा म्हणाला.

"बोटी बदलल्या रे," आजी म्हणाल्या, "समुद्र तोच आहे."

'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दिवस पावसाळ्याचे, समुद्र खवळलेला. वाटेत कासाच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्याने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे धक्क्यापासून काही मैलांवर घडलेली ही वार्ता मुंबईला कळावयास कित्येक तास लागले. कित्येकांचे प्राण वाचले, ते कोळ्यांच्या होड्यांमुळे.

एवढा इतिहास पोटात असलेल्या बाईला "भिऊ नकोस" असे सांगणे सोपे आहे. पण त्याचा उपयोग नाही. या घरातील सून शहाणी निघाली. तिने सासूबाईंच्या हाती एक वही दिली आणि म्हटले, "आई, तुम्हांला जे जे वाटते, ते ते यात लिहा. प्रत्येकाचे उत्तर मिळवू आणि मगच पैसे भरू." आजींच्या वहीतील प्रश्न सफरीस निघणाऱ्या कोणत्याही घराच्या उपयोगी पडावेत असे आहेत.

पहिला प्रश्न होता: "कोणत्या महिन्यात जावयाचे?" ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील म्हाताऱ्या माणसाला हे विचारले असते, तर त्याने दर्यावर नारळ वाहण्यापूर्वीचे दिवस वर्ज्य सांगितले असते; आणि शास्त्रही तेच सांगते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र अतिशय अस्वस्थ असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या पैदाशीचा असला, तरी तो काळ दर्याच्याही रागाचाच आहे. पावसाळ्याच्या थोडे आधी व नंतर अरबी समुद्रात चक्रीवादळे उठू शकतात. २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळाने लक्षद्वीपला तडाखा दिला आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' ही तराफानौका बुडून अनेक कामगार दगावले. डिसेंबर ते मार्च हा काळ त्या मानाने शांत. तरीही हवा पाहून कप्तान मार्ग बदलू शकतो, एखादे बेट वगळूही शकतो. त्याबद्दल रागावणाऱ्या उतारूने एवढे ध्यानात ठेवावे की, जो कप्तान गैरसोय पत्करून बेट टाळतो, तोच भरवशाचा.

दुसरा प्रश्न कागदांचा. देशातल्या देशात सफर असली, तरी छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र प्रत्येकाला लागते, लहान मुलालाही. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः एकच असावे. आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत येथे हमखास घोटाळा होतो. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर आडनाव आधी आणि नाव मागून! हा घोटाळा धक्क्यावरच्या खिडकीशी निस्तरत नाही. तिकीट काढतानाच निस्तरावा लागतो. लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकालाही तेथील प्रशासनाचा प्रवेश-परवाना लागतो. तो सफरीची कंपनी काढणार की उतारूने काढावयाचा, हे लेखी विचारून घ्यावे. परदेशातील बंदर असेल, तर पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असलेली बरी. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासाठी कंपन्यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात. त्याही आधीच विचाराव्यात. सर्व कागदांच्या दोन प्रती कराव्यात. एक जवळ बाळगावी आणि दुसरी घरी राहणाऱ्या नातलगापाशी ठेवावी.

तिसरा प्रश्न आजोबांचा होता, आणि तो अस्सल डोंबिवलीकराचा होता: "स्टेशनवरून किती वाजता निघावयाचे?" डोंबिवलीहून शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर अंतर आहे. जलद गाडीला सव्वा तास लागतो, असे जो तो सांगेल. पण सकाळच्या गर्दीत दोन पेट्या व दोन वृद्ध माणसे घेऊन त्या गाडीत चढणे, हे धाडस सफरीआधी करू नये. सफर रविवारी असेल, तर रेल्वेचा मेगाब्लॉक कोठे व किती वाजता आहे, ते आदल्या दिवशीच पाहावे. टर्मिनसपासून बॅलार्ड पिअरचा धक्का जवळ असला, तरी सामानासह पायी जाण्याचा नव्हे, टॅक्सी करावी. मुख्य गोष्ट ही की, बोट सुटण्याची वेळ आणि बोटीवर चढण्याची शेवटची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सामानाची तपासणी व कागद पाहणे यांसाठी उतारूंना कित्येक तास आधी बोलावतात, आणि खिडकी एकदा मिटली की बोट डोळ्यांसमोर उभी असूनही तिच्यावर पाय ठेवता येत नाही. सफर दुपारची असो वा संध्याकाळची, दुपारच्या जेवणाआधी धक्क्याच्या परिसरात पोहोचावे. एखादा तास मोकळा मिळाला, तर त्याने कोणाचे नुकसान होत नाही.

चौथा प्रश्न सामानाचा. मोठ्या पेट्या धक्क्यावर ताब्यात घेतल्या जातात आणि त्या खोलीच्या दाराशी येतात कित्येक तासांनी, कधी रात्री. म्हणून प्रत्येकाच्या हाती एक लहान पिशवी असावी आणि तिच्यात औषधे, चष्मा, कागद, कपड्यांचा एक जोड व मुलांचे खाणे असावे. पेट्यांवर नाव व खोलीचा क्रमांक असलेली चिठ्ठी घट्ट बांधावी. कपडे सुती, सैल व थोडे असावेत. रात्री डेकवर वारा झोंबतो आणि आतील दालने यंत्राने थंड ठेवलेली असतात, म्हणून शाल किंवा पातळ स्वेटर अवश्य घ्यावा. पादत्राणे न घसरणारी हवीत. ओल्या डेकवर गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून चालणे, म्हणजे हाड मोडून घेण्याची सोपी युक्ती होय.

पाचवा प्रश्न औषधांचा. आणि वृद्ध माणसे असलेल्या घरात तोच पहिला असावयास हवा. जितक्या दिवसांची सफर, त्याच्या दुप्पट औषधे घ्यावीत. त्यातला निम्मा भाग एका पिशवीत व निम्मा दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवावा. गोळ्या मूळ वेष्टनातच असू द्याव्यात आणि बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तीत औषधाचे मूळ नाव असले, तर परक्या डॉक्टरालाही ते समजते. इन्शुलिन मोठ्या पेटीत कधीही टाकू नये. ते उन्हात तापले तरी बिघडते आणि बर्फासारखे गोठले तरी बिघडते. मधुमेही माणसाने आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न निघण्यापूर्वीच विचारून ठेवावा: उलट्या होऊन अन्न पोटात राहिले नाही, तर त्या दिवशीचे औषध किती घ्यावयाचे? नेहमीचे औषध घेतले आणि अन्न मात्र उलटून पडले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. बोटीवर डॉक्टर असतो. पण त्याची फी वेगळी पडते आणि मोठ्या इस्पितळाची सामग्री त्याच्यापाशी नसते. गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवावे लागले, तर तो खर्च आपल्या विम्यात बसतो की नाही, हे विमापत्रिका वाचून पाहावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सहावा प्रश्न नातीने विचारला: "आजी, बोट लागते म्हणजे काय होते?" माणसाच्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल जाणणारी एक यंत्रणा आहे. बंद खोलीत बसले असता डोळे सांगतात की, सर्व काही स्थिर आहे. कान सांगतो की, आपण हेलकावत आहो. या दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि त्या भांडणाचा त्रास पोटाला होतो. यावर उपायही त्यातूनच निघतो. उघड्या डेकवर यावे आणि दूर क्षितिजाच्या रेषेकडे पाहावे. मग डोळाही हालचाल कबूल करतो. वाचन करू नये. पोट रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये. पन्हे, लिंबू, आल्याची वडी यांनी पुष्कळांना बरे वाटते. खोली निवडता येत असेल, तर बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरची घ्यावी. झोक्याची फळी टोकांना जास्त हलते आणि मध्ये कमी, तसेच हे आहे. मळमळीवरील गोळ्या मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतल्या तरच नीट गुण देतात. पण त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्याने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सातवा प्रश्न आजींच्या मनातला, थोडा संकोचाने लिहिलेला: "सकाळी देवापुढे दिवा लावता येईल का?" नाही. दिवा, उदबत्ती, कापूर यांपैकी काहीही बोटीच्या खोलीत पेटविता येत नाही. समुद्रावर पाण्याहूनही आगीचे भय मोठे. कारण आगीपासून पळून जावयास अंगण नसते. त्याच कारणाने विजेची इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी व किटली यांनाही बंदी असते. हे कळल्यावर आजींनी लिहिले, "मानसपूजा." फराळाच्या डब्यांविषयी मात्र आधी विचारावे. बाहेरचे शिजविलेले अन्न बहुधा बोटीवर नेऊ देत नाहीत; लहान मुलांचे व पथ्याचे खाणे यांना सवलत असू शकते. शाकाहार, जैन आहार, उपवास किंवा पथ्य असेल, तर ते तिकीट काढतानाच नोंदवावे.

आठवा प्रश्न पोटाचा. हजारो माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, एकच कठडा धरतात, एकाच पळीने वाढून घेतात. अशा ठिकाणी जुलाब-उलट्यांची एक विषाणुजन्य साथ फार लवकर पसरते. नोरोव्हायरस नावाच्या त्या विषाणूवर बाटलीतील जंतुनाशक द्रवाचा फारसा प्रभाव पडत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय. बाहेरून आल्यावर व जेवणापूर्वी हातपाय धुण्याची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. ती पेटीत बांधून घ्यावी. आणि पोट बिघडलेच, तर ते लपवून भोजनगृहात जाऊ नये. खोलीत थांबून डॉक्टरांना कळवावे. ओ.आर.एस.ची पाकिटे जवळ असावीत.

नववा प्रश्न उन्हाचा आणि बेटांचा. लक्षद्वीप मुंबईच्या बरेच दक्षिणेस, विषुववृत्ताजवळ आहे. तेथे समुद्रावरून वारा येत असल्याने ऊन लागते आहे हे कळतच नाही, आणि पाण्यावरून व पांढऱ्या वाळूवरून परतलेले किरण सावलीतही गाठतात. सर्वांत उत्तम संरक्षण म्हणजे पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, रुंद काठाची टोपी आणि भर दुपारी सावली. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. बेटाभोवतीचे पाणी उथळ असल्याने मोठे जहाज दूर उभे राहते आणि लहान होड्यांतून उतारू नेले जातात. होडी लाटेबरोबर वर येते व खाली जाते. खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, आणि त्याचे बोट न धरता त्याच्या मनगटाजवळ हात पकडू द्यावा. गुडघे अधू असलेल्या माणसाने त्या दिवशी बेटाचा मोह सोडून डेकवरून निळे पाणी पाहिले, तरी त्यात कमीपणा नाही.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. ती कोणाची तरी घरे आहेत. तेथील बहुतेक लोक मुस्लिम असून मलयाळम बोलतात आणि मिनिकॉयवर महल ही निराळी भाषा चालते. वस्तीत फिरताना अंगभर कपडे असावेत आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. पाण्यात उभे राहताना प्रवाळावर पाय देऊ नये. ते दगड दिसले तरी जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत आणि ती बेटेही प्रवाळांनीच घडविली आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे प्रवाळांना संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडा 'आठवण' म्हणून पिशवीत टाकणे हाही गुन्हा ठरू शकतो. नातीला हे आधी सांगून ठेवणे, म्हणजे तिच्या हातून तो तुकडा काढून घेण्याची पाळी येत नाही.

दहावा प्रश्न पैशाचा व दूरध्वनीचा. तिकिटाच्या किमतीत काय येते आणि काय येत नाही, हे ओळ न् ओळ वाचावे. काही पेये, किनाऱ्यावरील सहली, नोकरांची बक्षिसी, कर यांचा आकडा पुष्कळदा शेवटच्या दिवशी डोळ्यांसमोर येतो. किनारा दूर गेला की खिशातील मोबाइल दूरध्वनी बोटीवरच्या उपग्रह-जाळ्याला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्याचा दर भयंकर असतो. म्हणून बोट सुटताच तो 'विमान-स्थितीत' ठेवावा. घरी राहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की, दोन दिवस निरोप आला नाही तर घाबरू नये. हेही सांगितले पाहिजे. कारण सफरीत उतारू सुखात असतो आणि काळजीने झुरतात ती मागे राहिलेली माणसे. बंदरात उतरल्यावर मात्र घड्याळ विसरू नये. परत बोटीवर येण्याची दिलेली वेळ ही शेवटची मर्यादा होय. एकट्यादुकट्या उतारूसाठी जहाज खोळंबत नाही.

अकरावा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर होता. तो एकाच ओळीचा होता: "काही झाले तर?"

या प्रश्नाचे उत्तर मानवजातीने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. १९१२ च्या एप्रिलात 'टायटॅनिक' बुडाले आणि दीड हजाराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कोंकोर्दिया' हे प्रचंड प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंची संकटकाळची कवायत तोवर झालीच नव्हती. तत्कालीन नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. म्हणून नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून, उतारू एक दिवसाहून अधिक काळ राहणार असतील, तर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

आणि तरीही पुष्कळ उतारू ही कवायत म्हणजे मौजेतील एक विघ्न समजतात. कोणी खोलीत दडून बसतो, कोणी छायाचित्रे काढीत राहतो. त्या थोड्या मिनिटांत शिकावयाचे ते फारच थोडे आहे. आपली जमण्याची जागा कोणती. खोलीपासून तेथवर जिन्याने कसे जावयाचे, कारण संकटात पाळणा वापरावयाचा नसतो. जीवरक्षक जाकीट कोठे आहे व ते कसे बांधावयाचे. मुलाच्या मापाचे जाकीट खोलीत आहे की मागून घ्यावयाचे आहे. धोक्याची खूण म्हणजे सात आखूड भोंगे व त्यांमागून एक लांब भोंगा. तो ऐकताच अंगावर कपडे चढवावेत, नेहमीचे औषध खिशात टाकावे, पेट्यांना हात लावू नये आणि ठरल्या जागी जावे. धावू नये, एका बाजूस गर्दी करू नये. 'रामदास'च्या उतारूंना हे सांगावयास कोणी नव्हते. आजच्या उतारूला सांगणारे माणूस समोर उभे असते. ऐकणे एवढेच त्याच्याकडे उरते.

वहीतील अकराही प्रश्नांना उत्तरे मिळाली, तेव्हा आजींनी स्वतःच मुलाला पैसे भरावयास सांगितले. भीती गेली, असे नव्हे. पण आता तिला करावयास काम मिळाले होते.

ते कुटुंब जानेवारीत निघाले, अशी कल्पना करावी. कवायतीत आजींनी जाकिटाच्या नाड्या दोनदा बांधून पाहिल्या. मग नातीचा हात धरून त्या खोलीपर्यंत परत गेल्या आणि खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत पुन्हा आल्या. वाटेतील दारे त्यांनी मोठ्याने मोजली आणि परत येताना नातीला डोळे मिटून मोजावयास लावली. जवळच्या दोन तरुणांना हसू आले. आजींनी तिकडे लक्ष दिले नाही.

संध्याकाळी जहाजाने धक्का सोडला. बंदराचे दिवे मागे पडू लागले, तेव्हा आजींनी रेवसच्या दिशेला तोंड करून हात जोडले. आजोबा शेजारी उभे होते; ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आजींनी डोळे पुसले आणि नातीला म्हणाल्या, "चल, आता मला समुद्र दाखव."